मागच्या चाकाची हवा

केतन,

प्रणोतीला लस द्यायला ऑटोनं नेतेय. पोळ्या डब्यात आहेत. बाबा अजून उठले नाहीत. इतका उशीर ते कधी करत नाहीत, म्हणून दोनदा जाऊन श्वास बघून आले.

काल ड्यूटीवर निघताना तू त्यांना किती कौतुकानं सांगितलंस, "आता मस्त फिरा बाबा! इलेक्ट्रिक स्कूटर आहे. ना प्लग, ना ऑइल. चार्जिंगला लावा नि विसरा." तू गेल्यावर ते पान्यांची पेटी मांडीवर घेऊन बसूनच राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, "काहून बेटा, हिचं काहीच करायचं नसते का? मग मी सकाळी उठून काय करू?"

आई गेल्या आणि आता जुनी स्कूटरही आपण विकली. तान्ह्या पोरीला घेऊन रस्त्यात बंद पडणारी गाडी मला नको होती, अजूनही नकोच आहे. पण आईंच्या मागे त्यांची सकाळ त्या गाडीपाशीच जात होती.

नव्या गाडीच्या मागच्या चाकाची हवा मी काढून ठेवली आहे. पंप जिन्याखाली आहे. तू भरू नकोस. बाबांना उठव आणि एवढंच म्हण, "बाबा, जरा गाडी बघता का?"

वैष्णवी