आवाज आहे, जोर नाही

बाबा, न ऐकताच निकाल देणाऱ्यांवर आपण दोघंही आयुष्यभर चिडत आलो. तुम्ही वर्कशॉपमध्ये, मी व्यासपीठावर. बॉनेट न उघडता "टर्बो गया" म्हणणारा मिस्त्री तुम्हाला चोरापेक्षा वाईट वाटायचा. एअर फोर्समध्ये विमानांची इंजिनं उघडलेला माणूस तुम्ही. रिटायर होऊन चंदीगडलाच राहिलात, मोहालीत शेड टाकलीत, आणि शनिवारी मी कॉलेजातून थेट तिथे यायचे. एकदा वादविवाद स्पर्धेचं भाषण तुम्हाला म्हणून दाखवत होते. तुम्ही एका जीपच्या पाइपांना साबणाचं पाणी लावत होता. ती जीप चढावर नुसती फुसफुसायची, वेग घ्यायची नाही. माझं भाषण संपलं, तुमचा ब्रश थांबला नाही. "बाईसाहेब, तुमचंही या जीपसारखंच आहे. आवाज आहे, जोर नाही. कुठेतरी हवा गळतेय." जीपवाले अंकलजी मराठी न कळताही इतके हसले की चहा सांडला. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही.

आता तुमचा नातू तेव्हाच्या माझ्याएवढा आहे. आमच्याकडे छोटी पण भलतीच तेज टर्बो गाडी आहे, ती आम्ही दोघं चालवतो. दहा दिवसांपूर्वी पिंजौरच्या पुढच्या चढावर तिने दम सोडला. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर गेलं की सूं असा आवाज, डॅशबोर्डवर पिवळा दिवा, आणि ट्रक आम्हाला मागे टाकून जातोय. मी तिथेच निकाल दिला. लॅपटॉप जोडून गाडीची ताकद वाढवायचा त्याला नाद आहे, म्हणजे त्यानेच काहीतरी केलं. "मम्मा, कसम से, मैंने ट्यून को हाथ भी नहीं लगाया। पहले चेक तो कर लो यार!" मी ऐकलं नाही. जबाबदारी या विषयावर सभागृहात बोलते तशी त्याच्यावर अर्धा तास बोलले आणि चावी काढून घेऊन डब्यात ठेवली. तेव्हापासून तो खरडच्या कॉलेजला बसने जातो आणि माझ्याशी "हां जी", "नहीं जी" एवढंच बोलतो.

आज मला सुट्टी होती, म्हणून तुमची हत्यारांची पेटी काढली. आधी स्कॅनर लावला. गाडी जितका दाब मागते त्याच्या निम्माच मिळत होता. टर्बोची पाती हाताने फिरवून पाहिली, नीट होती. मग तुम्ही बनवलेली ती टोपी सापडली, पाइपाच्या बुचात सायकलचा वॉल्व्ह बसवलेली. ती टर्बोच्या तोंडाला लावली, तुमच्या जुन्या कॉम्प्रेसरने बेताची हवा भरली आणि जोडाजोडावर साबणाचं पाणी फिरवलं. पहिले तीन जोड कोरडे. चौथ्यावर, इंजिनात हवा शिरते त्या थ्रॉटलपाशी, हा मोठा फेस. पाइप आवळून धरणारा क्लॅम्प त्याच्या कडेवर तिरका बसला होता. गाडी नुसती चालू ठेवली तर काही कळत नाही. दाब वाढला की पाइप उचलला जातो आणि टर्बोने दाबलेली हवा तिथूनच पळते.

तो पाइप गेल्या महिन्यात थ्रॉटल साफ करायला मी काढला होता. मीच बसवला होता. पोरगा तेव्हा शहरातही नव्हता.

हे पत्र कुठेच जाणार नाही, पेटीत त्या टोपीखाली राहील, म्हणून लिहून टाकते. फेस दिसल्यावर मी क्लॅम्प सरळ केला, घट्ट केला, हात धुतले. मग डब्यातली चावी त्याच्या टेबलावर ठेवून आले आणि मनात वाक्य जुळवलं, "हो गयी ठीक, चला ले." बस्स, एवढंच सांगायचं ठरवलं होतं. बाबा, हजार माणसांसमोर माईकशिवाय बोलणारी मी, एका पोराला "चूक माझी होती" म्हणायला घाबरले.

त्याची बस पाचला येते. तुमच्याच शब्दांत मलाच सांगते: उठा बाईसाहेब, तो क्लॅम्प पुन्हा होता तसा तिरका करा, हवा भरा, तो आला की साबणाचा ब्रश त्याच्या हातात द्या, आणि फेस दिसला की सांगा, हा क्लॅम्प मीच बसवला होता.