कल्हई उडालेला गंज

२७ ऑगस्ट १९५९

कल्हईवाला आला आणि तसाच गेला. भाता, कोळसे, नवसागर, सगळं मांडून आमच्या दारात बसला होता. सासूबाईंनी उठवला.

मी स्वयंपाकाचा मोठा पितळी गंज बाहेर आणला होता. आत कल्हई उरलीच नाही, नुसते ओरखडे. सासूबाईंना खरवड आवडते – लोखंडी सराट्यानं खरडून खरडून काढतात. जिथं खरडलं तिथं पिवळं पितळ दिसतं. त्या माणसानं आत डोकावून पाहिलं. म्हणाला, "बाई, इसमें खट्टा मत रखना."

सासूबाई आतून आल्या. "माह्या मायनं देल्ला गंज हाये तो. भट्टीत घालून पितळ झिजवते हे लोक. ने व आत."

नेला.

३० ऑगस्ट

अंबाडीची भाजी कळकली. सकाळी केली, दुपारी कडेनं निळसर हिरवी. तोंडात घेतली तर जीभ कडू. मी म्हटलं, गंजामुळं झालं, आंबट त्यात ठेवायला नको.

"बोरी गावात इतके वर्सं रांधून राह्यली, कधी कळकलं नाई. तू आली आन कळकाले लागलं." वर म्हणाल्या, "तीन वर्सं झाले, कूस नाई उजवली. हाताले तरी गुण कुठून येईन?"

हे तिथंच जेवत होते. मान खाली घालून जेवले. भाकरीवर ठेचा घेतला, भाजीला हात लावला नाही – म्हणजे त्यांनाही कळलं होतं की!

१ सप्टेंबर

सासूबाईंचा हुकूम – चुलीजवळ जायचं नाही. माझी भाकर पडवीत, माझं ताट वेगळं. सणावारालासुद्धा.

१२ सप्टेंबर

काल महालक्ष्म्यांचं जेवण झालं. आंबील आदल्या संध्याकाळीच करून ठेवली होती – त्याच गंजात, आंबट ताकाची. मी पडवीतून जाऊबाईंना म्हटलं, निदान मातीच्या मडक्यात काढून ठेवा. वच्छलाबाई मोठ्या सून, पण सासूबाईंपुढं त्यांचं काय चालतं? "म्या सांगतलं तं मलेई पडवीत बसवतीन," म्हणाल्या.

दुपारनंतर एकेक पडायला लागलं. आधी जाऊबाईंचे यजमान, म्हणजे भासरे, मग हे, मग सासूबाई. जाऊबाईंची शेवंता चार वर्षांची, तिच्या उलट्या थांबेनात. पोरीचे डोळे आत गेले. मी एकटी उभी होते. पाणी तापवलं, घाण काढली, शेवंताला मांडीवर घेऊन साखर-मिठाचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं.

संध्याकाळी सासूबाई खाटेवरून बोलल्या, "सारं घर पडलं. ही एकटीच कशी बरी?"

मला आंबील दिलीच नव्हती, म्हणून बरी! हे मी बोलले. मोठ्यानं बोलले. शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या. एकीनं आपल्या लेकराला मागं ओढलं.

१४ सप्टेंबर

गाडी जुंपली. सासूबाईंनी सांगितलं म्हणून हे मला दारव्ह्याला माहेरी सोडायला आले. आमच्या दाराशी पेटी उतरवली आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले. चहाही घेतला नाही.

२९ सप्टेंबर

बाबा म्हणतात, थोडे दिवस जाऊ दे. आई कोणी आलं की मला आतल्या खोलीत काम सांगते.

रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मी उठते. लाज वाटते, पण उठते.

१९ ऑक्टोबर

आज वच्छलाबाई आल्या. शेवंताला इथल्या डॉक्टरांकडं आणलं होतं; हे आणि भासरे तिकडंच थांबले होते. पोर खांद्यावर गळून पडली होती, मला पाहून हसली. मी घेतलं तर अंगात वजनच नाही.

जाऊबाई ओसरीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं. मग सांगितलं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी कढीगोळे केले, त्याच गंजात. सकाळची कढी रात्री वाढली. पुन्हा सगळे पडले.

"तवा तं तू नोयतीस," म्हणाल्या.

मी शेवंताचे केस मागं सारले.

"डाक्टरनं पयलं हेच इचारलं – कढी कायच्यात ठेवली होती? पितळीत? कल्हई हाये का? तुह्या नवऱ्यानं आयकलं, माह्या नवऱ्यानं आयकलं."

"मग काय म्हणाले?"

"काय म्हणतीन? उठले आन बिडी ओढाले गेले."

जाताना त्यांनी माझा हात धरला. "म्या त्या दिवशी मडकं काढाले पायजे होतं," म्हणाल्या, आणि रडल्या. मला रडू आलं नाही. मनात एकच – आता गाडी येईल. आता त्यांना यावंच लागेल.

२३ ऑक्टोबर

पेटी भरून ठेवली. वर चॉकलेटी पातळ.

३१ ऑक्टोबर

दिवाळी. कोणी आलं नाही. बाबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. करंज्या तळल्या, एकही खाल्ली नाही.

५ नोव्हेंबर

हे आले. गंजाला कल्हई करून आणली म्हणाले, आरशासारखा झाला. आईनं गूळपोहे दिले. मी पातळ बदललं.

पेटी उचलता उचलता म्हणाले, "मायनं गावात सांगतलं हाये, का आंबील तूच नासवली, आन आता पाया पडून वापस येऊन राह्यली. कोणी इचारलं तं हो म्हणजो. म्हातारीची इज्जत राह्यते."

मी विचारलं, "आन माही?"

ते पेटी घेऊन दाराकडं निघाले.

मी पेटी त्यांच्या हातातून काढून घेतली. गाडी रिकामी गेली.