काळे प्लग, गार इंजिन

१३ जाने.
नऊ दिवस वही उघडली नाही. कारण काही नाही, आळस. लिहायला बसलो की पेन शोधायला उठतो, मग बाल्कनीत, मग खाली.
मामा ३१ला रिटायर. त्याच आठवड्यात त्यांच्या गाडीला पंधरा वर्षं भरतात, मग दिल्लीत ती भंगार. त्याआधी पीयूसी, कागद करून ती नागपूरला न्यायची. माणसाने जन्मात स्वतःसाठी घेतलेली एकच मोठी वस्तू. आज पीयूसीवाल्याने नापास केली. उभी असली की थरथरते, काळा धूर, पेट्रोलचा वास.
मामा म्हणाले, "तू बारावी नापास, तीही नापास. जमेल तुमचं."

१५ जाने.
बलबीरजींनी प्लग काढले. कॉलनीच्या गेटबाहेरचे मिस्त्री, गाडी नवी होती तेव्हापासून तेच बघतात. चारही प्लग काजळी फासल्यासारखे. एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर धुतले. तासभर बरी, परत तेच.
"बेटा, पेट्रोल ज्यादा पी रही है. क्यों पी रही है, वो सोचने दे."
मीही थांबून सोचणार होतो, पण मार्केटमध्ये एक जॅकेट दिसलं. घेतलं नाही.

१७ जाने.
दुसऱ्यांदा नापास. शेजारचे वर्माजी म्हणाले, ओरिजिनल इंजेक्टर काढून डुप्लिकेट घातले असतील, यहाँ सब यही करते हैं. झालं. मामा तडक गेटवर. आठ-दहा लोक जमलेले.
"पंद्रह साल भरोसा किया. चोर निकला तू."
‘तू’ म्हणाले. कधीच म्हणत नाहीत.
बलबीरजी हात पुसत राहिले, स्वच्छ झाले तरी. "साहब, मेरी उमर तो देखो."
कोणीतरी हसलं. मीही थोडं हसलो. का, माहीत नाही.

१८ जाने., रविवार
वर्माजींनी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. बलबीरजींच्या दुकानासमोर एक गाडी नाही.
मामांनी चक्कर मारली, मी बाजूला. अर्धा तास झाला तरी तापमानाचा काटा तळाशीच. त्यांचं लक्ष नव्हतं. माझं गेलं आणि मुरथल आठवलं.
मे महिन्यात पानिपतहून मामींच्या चादरी आणायला मी एकटाच गेलेलो. येताना मुरथलला गाडी तापली. एक ट्रकवाला म्हणाला, थर्मोस्टॅट वॉल्व्ह निकाल फेंक, गर्मी में इसका क्या काम. काढला. ढाब्यामागे फेकला. स्वतःला मोठा मेकॅनिक समजलो. घरी सांगितलं, मस्त झाला प्रवास.
तो वॉल्व्ह नसला की इंजिन नीट तापतच नाही, थंडीत तर नाहीच. गाडीला वाटतं आत्ताच स्टार्ट केलंय, आणि ती पेट्रोल ओतत राहते.
सांगणारच होतो. तेवढ्यात मामा, "बघितलंस? चोर असा पकडायचा."
मग नाही.

२० जाने.
काश्मिरी गेटहून नवा वॉल्व्ह आणला. बसवायला तासभर पुरे. पण मेट्रोत अमरावतीचा एक जण भेटला, पहाडगंजला हॉटेलात उतरलाय, परवा मनालीला निघणार. छोले, चहा, गप्पा, संध्याकाळ गेली. "चल ना यार तू पण." म्हटलं, बघतो.
जेवताना मामी, "बलबीरजी असं करतील असं वाटत नाही रे."
"लोकांचं काय सांगता येतं, मामी." म्हणालो मी. आणि भाजी मागून घेतली.

२१ जाने.
प्लॅन असा, मामा ऑफिसला गेले की गुपचूप बसवायचा. नाही गेले. सुट्टी टाकलीय. वॉल्व्ह सॅकमध्ये आहे. सॅकमध्ये कपडेही भरलेत, खोटं कशाला लिहू.

खाली आवाज. बलबीरजी आलेत. कोणी बोलावलं नव्हतं.
मामा बाल्कनीतून, "अब क्या लेने आया है?"
"लेने नहीं आया, साहब. जो उस दिन खड़े थे, सबको बुलाओ. सबके सामने बोनट खोलूंगा. एक-एक पुर्जा दिखाऊंगा."
वर्माजी उतरतायत. मामा चपला घालतायत.
"सुमेध! टॉर्च घे अन् चल खाली. उजेड तूच धर."