अक्कांची ओळ

जळगाव, मंगळवार संध्याकाळ, १९९६

कापूस पाहणीचे आकडे कमलअक्का टाइप करायच्या. त्या वारल्या त्याला पंधरा दिवस झाले. बेरजांची सूत्रं त्यांनी नुसता मजकूर म्हणून भरली होती. तो मजकूरच आज्ञा समजून चालव, असं आज संगणकाला सांगितलं. आकडे सरकत गेले. मग पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटलं, "भाऊ, डबा खाई ल्या."

पडद्यावर ओळ दाखवायची आज्ञा मीच त्यांना शिकवली होती, पण ही ओळ कधी लिहिली त्यांनी? आणि आजच माझा डबा तसाच कसा राहिला?

ओळ पुसायला हवी, उद्या अहवाल द्यायचाय. पुसवेना. रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणालो, "खातो, अक्का."

डबा उघडला. पण पडद्याकडे पाठ करून बसायचं धाडस झालं नाही.