रडली तरच औषध

ती. ताईस,

नातीच्या मोडलेल्या हाताला प्लास्टर घातलंय, काळजी नसावी. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध दर सहा तासांनी द्यायला सांगितलं होतं. मी अतिशहाणी! "सवय लागेल, रडली तर देऊ," म्हणून बाटली कपाटात ठेवली. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी आपल्याला सोसायलाच शिकवलं ना!

पोरगी दोन दिवस रडली नाही. मी शेजारीपाजारी तिचं कौतुक सांगत फिरले.

आज दवाखान्यातल्या सिस्टरने विचारलं, "दुखतं का गं?"

"खूप. पण रडलेलं आजीला आवडत नाही."

सिस्टर मला एका शब्दाने बोलली नाही. बोलायला हवं होतं. आता घड्याळ बघून देते, तर चमचा पाहून पोरगी विचारते, "आजी, घेऊ ना?"

तुझे गुडघे कसे आहेत? सोसत बसू नकोस, बक्षीस मिळत नाही.

तुझीच,
धाकटी