होडीचा डायनामो

दादा,

होडीचा डायनामो गेला. तुमच्या हयातीत बसवलेला, तोच. आधी नुसता कुरकुरायचा, मग गुरगुरायला लागला आणि दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी त्यानं बॅटरी भरणंच सोडून दिलं. तुम्ही असता तर पहिल्या कुरकुरीलाच पाना घेऊन बसला असता. मी म्हटलं, चालतंय तोवर चालू द्या. आता मी, तुमची लेक, मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष आहे, आणि खुर्चीवर बसलं की दुखणी पुढं ढकलायची सवय लागतेच.

यंदा पावसानं दगा दिला. धरण निम्मंसुद्धा भरलं नाही. पाणी मागं सरकतंय तसे कटला, रोहू सगळे मासे मधल्या डोहात गोळा झालेत. ते वेळेत काढले तर सभासदांचं वर्ष निघतं, नाही तर पाणी बिघडून सगळं जागीच सडायचं. त्या डोहातलं मोठं जाळं वल्ह्यावर ओढवत नाही, इंजिनाची होडीच लागते. आणि ते इंजिन बॅटरीवाचून चालू होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू. भाऊबीज झाली की ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक गावात येणार होता. होडी बंद राहिली असती तर निम्मे सभासद बायकापोरांसकट ऊस तोडायला गेले असते. एकदा कोयता हातात घेतलेला माणूस पुन्हा जाळ्याकडं फारसा वळत नाही. धरणात शेतं गेल्यावर तुम्ही लोकांनी धडपडून उभी केलेली ही सोसायटी माझ्या हातून बुडते की काय, याची मला पहिल्यांदाच भीती वाटली.

धाकटे काका दुसऱ्याच दिवशी उपाय घेऊन हजर. कुठल्याशा ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचा उतरवलेला दांडगा डायनामो त्यांनी पोत्यात घालून आणला होता. आपल्याकडच्या त्या ट्रॅक्टरांचं तुम्हाला माहीत आहेच. दोन ट्रॉल्या ऊस मागं, पुढं लायटिंगची माळ आणि गाणी इतकी मोठ्यानं की ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाव जागं व्हावं. त्या सगळ्या थाटाला पुरेल एवढा तो डायनामो. सगळे सभासद काठावर त्याच्याभोवती उकिडवे बसून नवा बैल बघावा तसा त्याला हात लावून बघत होते.

"बाई, ह्योच बसीव," काका म्हणाले. "दिवे, भोंगा, समदं वढतंय. फुकटात हाय."

मी त्यांना समजावून सांगितलं. आपल्या इंजिनाला पट्टा एकच आहे. डायनामोही तोच फिरवतो आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही तोच. बॅटरी उतरलेली, त्यात दिवे आणि भोंगा जोडलेला, की एवढा मोठा डायनामो जड होतो, पट्टा घसरतो, पंप थांबतो आणि इंजिन तापतं. शिवाय तो पळणाऱ्या गाडीसाठी केलेला. आपली होडी जाळं ओढताना रांगते. तेवढ्या गतीला तो बॅटरी भरणार तरी काय? सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं आणि माझं बोलणं संपल्यावर पुन्हा त्या डायनामोकडंच बघितलं.

तेव्हा मला तुमचा तो दिवस आठवला. सोसायटीनं होडी नवी घेतलेली. तुमचं सिरसाळ्याचं डायनामो दुरुस्तीचं दुकान जोरात, आणि लग्न मोडून परत आलेली मी तुमच्याबरोबर डायनामोत तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या भरतेय. तुम्ही होडीसाठी ट्रकला शोभेल असा डायनामो काढता. मी म्हणते, दादा, होडी सावकाश चालते, लहान घ्या, कप्पीही लहान लावा, म्हणजे कमी गतीतही तो जोरात फिरेल. तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणता, "तुला काय कळतंय त्यातलं? होडी हाय ती, सायकल न्हाई." मी हट्टानं तुमच्याबरोबर होडीत येते. धरणाच्या मधोमध पट्टा किंचाळायला लागतो, जळक्या रबराचा वास येतो, इंजिन वाफ सोडून बंद पडतं. आणि मग कळतं की तुम्हाला पोहता येत नाही. इंजिन निवेपर्यंत तुम्ही माझं मनगट धरून बसला होतात. इतकं घट्ट की वळ उठले. मला भीती नव्हती वाटत. खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुकानामागच्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. तुम्ही जेवायला बसलात, आपल्या ताटातला गूळ उचलून माझ्या ताटात टाकलात आणि मान वर न करता विचारलंत, "कोनचा म्हनत होतीस तू?" आईनं माझ्याकडं बघितलं आणि हसू दाबायला तोंड चुलीकडं फिरवलं. माफी म्हणून तुमच्याकडून तेवढंच मिळायचं आणि मला ते पुरलं. मी सांगितलेला लहान डायनामो बसला. काठावर सगळ्यांना तुम्ही छाती पुढं काढून सांगितलंत की लई हुडकला तेव्हा कुठं सापडला. मी शेजारीच उभी होते.

तर यंदा त्याच काठावर मी शेवटी म्हटलं, "दादांनी हेच माप ठरवलं होतं. मोठा बसवायचा न्हाई म्हनायचे."

काका लगेच उठले. "दादा म्हनला आसंल तर मग झालं," म्हणाले आणि पोतं पुन्हा बांधायला लागले. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. इतकं सोपं होतं ते.

मी बीडला गेले. दुकानदार वरच्या फळीवरचा मोठा दाखवत होता, त्याला म्हटलं, तो राहू द्या. लहान मालवाहू टेम्पोचा बारा व्होल्टचा निवडला. त्याचे पाय आपल्या जुन्या पट्टीला बसतात की नाही बघितलं, कुठल्या बाजूला फिरतो ते बघितलं, कप्पी लहान घालून घेतली. बसवताना ती पट्ट्याच्या रेषेत येईना तेव्हा मागं दोन चकत्या घातल्या. पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला. जेवढा दबायला हवा तेवढाच दबला. हे काम मला येतं, दादा, आणि चांगलं येतं.

पहिल्याच फेरीत होडी दुपारपर्यंत रांगत राहिली आणि इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं तर एका झटक्यात लागलं. जाळं इतकं भरलं की काकांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून हात लावला. मुकादमाचा ट्रक आला, शाळेपुढं थांबला, हॉर्न वाजवत राहिला. आमच्यातलं कुणी चढलं नाही. तो पुढच्या गावाला गेला तेव्हा काका माझ्या डोक्यावर ओला हात ठेवून म्हणाले, "दादाची पारख ती दादाचीच बघ, बाई." मी हो म्हटलं.

हे सोसायटीच्या खोलीत बसून लिहितेय. बाहेर मासळी तोलण्याचा गलका चाललाय. काकांना कधीतरी खरं सांगेन, आज नको. आज सगळे खूश आहेत. तुमचा राग येत नाही असं लिहायला बसले होते. पण येतो, अजून येतो. आणि इंजिन लागलं तेव्हा मी आधी मागं वळून तुम्हालाच शोधलं.