कोहळ्याची कावीळ

१२ फेब्रुवारी १९८६

डोये पिवळे झाले. आत्यानं, म्हणजे माह्या सासूनं, पाह्यलं अन् पहिले पोरगी उचलली. मंग माहं ताट-गिलास वेगळं केलं. "कावीळ लेकराले लागते," म्हणे. आठ महिन्याची माही पोरगी, अंगावर पेणारी. आता तिले वाटीनं गाईचं दूध.

पहिलेच काय कमी होतं? गालावर लाल चट्टे, सांधे सुजते. दिवाईपासून नागपूरच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू. बिमारीचं नाव लुपस. कुत्र्याले हाक मारल्यावानी वाटते.

१३ फेब्रुवारी

तिगावचा कावीळवाला आला. काड्यायची माळ डोक्यावर ठेवली. म्हणे, माळ वाढत वाढत पायापर्यंत उतरंन, तशी कावीळ उतरंन. पिवळं खाऊ नोको. हळद बंद, वरण बंद, संत्रं बंद. संत्र्याच्या सौंसरात राहून संत्रं बंद! मंग खावं काय, गोटे? नागपूरच्या गोळ्या बी बंद म्हणे.

तो गेल्यावर आत्या हळूच म्हणते — "गोळ्या घेत राय. त्याले सांगू नोको."

दोन्ही देवायले नारळ.

१६ फेब्रुवारी

दुधानं छाती दगडावानी झाली. पोरगी तिकडच्या खोलीत रडते, मी इकडच्या.

१८ फेब्रुवारी

माळ पोटापर्यंत आली. शेजारची देवकाबाई दारातूनच म्हणे, "उतरून राहिली व मायबाई." दाराच्या आत पाय टाकत नाई, पण बातमी घ्याले रोज हाजर.

आरशात पाह्यलं त डोये हळदीचेच. लघवी चहासारखी. भेव वाटते. मी मेली त पोरीले माहं तोंड बी याद नाई राहणार.

२१ फेब्रुवारी

माळ उतरली. कावीळ नाई उतरली. "पित्त लय जुनं हाय," कावीळवाला म्हणे, अन् दुसरी माळ देल्ली. तो गेल्यावर म्या ते घरातल्या कोहळ्यावर चढवली.

२३ फेब्रुवारी

कोहळ्याची माळ बुडापर्यंत आली. बरा झाला बिचारा.

ह्यायले, पोरीच्या बापाले, नेऊन दाखोलं. हे कोहळ्याकडे पाहे, मंग माह्याकडे. म्हणे, "उद्याच्या मोटारीनं नागपूर."

२४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणे, हे छुतीची कावीळ नाई, तेच बिमारी हाय. आपलंच रक्त आपल्या अंगाशी भांडते. आता जिगराशी, डॉक्टर यकृत म्हणे, भांडून राहिलं. म्या म्हटलं, सासरी हेच त चालते. हासला नाई. गोळ्या वाढोल्या. "दोन महिने पाहू," म्हणे. काय पाहू, ते नाई सांगतलं.

पण छुतीची नाई! लेकराले जवळ घ्या म्हणे. आता पाहतेच, आत्या कशी नाई देत पोरगी.

२५ फेब्रुवारी

आत्याले तोऱ्यात सांगतलं — लागत नाई, आणा माही पोरगी.

"लागत नाई हे मले ठाव होतं," म्हणे. "दिवाईतच त्या डॉक्टरनं मले भाईर नेऊन सांगतलं, जिगराले धरलं त वाचणं कठीण. पोरीले तुह्याबिगर राहाची सवय लावून राहिली होती."

मंग पोरगी आणून माह्या मांडीवर ठेवली. "घे. आज त हायेस."